गुदस्ताचा शिमगा

बेळगावातील आमच्या कार्यालयात, पक्षकार बसतात त्या बाकामागे, जुन्या कालनिर्णयांची एक चळत आहे. १९९९ पासूनची एकही प्रत आम्ही रद्दीत घातलेली नाही. नवा कनिष्ठ वकील रुजू झाला की पहिल्या आठवड्यात तो त्या चळतीविषयी विचारतोच. त्याला आम्ही थोडक्यात उत्तर देतो आणि विषय संपवतो. या वेळी मात्र ती हकीकत सविस्तर लिहिण्याचे योजिले आहे. तिच्यात चूक आमची आहे, आणि ती भाषेची चूक आहे.

१९९८ साली कायद्याची पदवी हाती आली. सनद घेऊन एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली बसावे ही घरची अपेक्षा. आम्ही मात्र बंगळूरच्या एका मानवी हक्क संस्थेत वर्षभरासाठी दाखल झालो. संस्थेत तिला इंटर्नशिप म्हणत; घरी सांगताना आम्ही उमेदवारी म्हणत असू, कारण पगार नाही हे त्या शब्दात आपोआप येते. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून पोलिसी मारहाणीच्या तक्रारी टिपून आणणे हे उमेदवारांचे काम. मराठी येणारे संस्थेत आम्ही एकटेच, म्हणून बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी गावे आमच्याकडे आली. त्यात अवघड काही असेल असे आम्हांला वाटलेच नाही. आमचे गाव त्याच पट्ट्यातले.

त्या वर्षीच्या गणपतीनंतर खानापूर तालुक्यातील एका गावी आम्ही एका वृद्ध बाईंचा जबाब घेतला. शिमग्याच्या लाकडांवरून पोरापोरांत भांडण झाले होते. बाईंच्या मुलाला चौकीवर नेले, दोन रात्री ठेवले आणि सोडताना एका कागदावर सही घेतली. कागद कानडीत होता. मुलाचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत, तेव्हा आपण कशावर सही केली हे त्याला आजही सांगता येत नाही. बाईंचे शब्द आम्ही होते तसे उतरवून घेतले होते: "गुदस्ताच्या शिमग्याला न्हेलं माझ्या ल्योकाला. दोन राती ठिवलं. परत आला तवा डाव्या कानानं ऐकू येईना."

बंगळूरला परतल्यावर आम्ही या जबाबाचे इंग्रजी भाषांतर केले. संस्थेचा एक छापील तक्ता असे. त्यात घटनेचा दिवस आणि घटनेचे वर्ष असे दोन रकाने होते. दिवसाच्या रकान्यात आम्ही होळी लिहिले. वर्षाच्या रकान्यात गुदस्ता म्हणजे गेले वर्ष, म्हणून १९९८ असा आकडा घातला. याला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसेल.

दसरा झाल्यावर संस्थेने आम्हांला दिल्लीस पाठवले. अकरा जबाबांची फाइल राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दाखल करायची होती. हा आयोग १९९३ च्या कायद्याने स्थापन झाला. कर्नाटकाचा राज्य आयोग तेव्हा अस्तित्वात आलेला नव्हता, त्यामुळे खानापुरातल्या कानाची तक्रार थेट राजधानीत न्यावी लागे. अकरांपैकी नऊ जबाब कानडी, दोन मराठी.

वाटेत एकदा घरी डोकावून यावे म्हणून आम्ही बेळगावहून गोवा एक्सप्रेस धरली. दोन रात्रींचा प्रवास. भोपाळच्या पुढे डब्यात गप्पा सुरू झाल्या आणि समोरच्या गृहस्थांनी नेहमीचा प्रश्न केला: आप महाराष्ट्र से? नाही म्हटले, कर्नाटक. मग मराठी कशी? सीमाभागातील प्रत्येक वाचकाने हा संवाद कुठल्या ना कुठल्या डब्यात केलेला असेल, म्हणून तो पुढे लिहीत नाही. ग्वाल्हेरला उतरण्यासाठी सामान काढणाऱ्या एका आजींनी मात्र तो ऐकला होता. त्या आमच्याकडे वळून त्यांच्या त्या हिंदीच्या वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "आम्हांला पण हेच विचारतात हो, आणि आम्ही तर शिंद्यांबरोबर आलेलो."

दिल्लीत आम्ही पहाडगंजात एका मराठी बिऱ्हाडी उतरलो. निवडणुका नुकत्याच आटोपल्या होत्या, नवे सरकार शपथ घेऊन पंधरवडाही झाला नव्हता, आणि रस्त्यांवर पाहावे तिकडे पोलीस. बंगळूरच्या संस्थेच्या वतीने दिल्लीतले काम पाहणारे एक ज्येष्ठ वकील होते. जुन्या दिल्लीतले, सत्तरीला टेकलेले, उर्दूत वाढलेले आणि इंग्रजीत वकिली केलेले. दाखल होण्यापूर्वी प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जाई.

त्यांनी फाइल उघडली ती जबाब वाचायला नव्हे. प्रथम त्यांनी फक्त वर्षाचा रकाना पाहिला. या कायद्याच्या कलम ३६ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार, मानवी हक्काचा भंग करणारे कृत्य घडल्याच्या तारखेपासून एक वर्ष उलटले की आयोगाला त्याची चौकशी करता येत नाही. उशिराला सबळ कारण असेल तर मुदत वाढवून मिळते अशी सोय दिवाणी दाव्यांत अनेक ठिकाणी असते. येथे ती शब्दांत नाही. वकीलसाहेबांनी अकरांतून चार कागद वेगळे काढले आणि टेबलाच्या कडेला ठेवले. त्यांत आमच्या बाईंचा होता. "ये तो गया," एवढेच ते म्हणाले. वर्ष १९९८, होळी मार्चात, आणि आपण बसलोय ऑक्टोबर १९९९ मध्ये. दीड वर्ष झाले.

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही आहे हेच तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या खोलीत पुस्तकांनी भरलेल्या भिंतींसमोर आपले गावंढळपण दिसू नये याचीच काळजी अधिक होती. उरलेल्या सात जबाबांच्या प्रती काढण्यात दिवस गेला.

रात्री बिऱ्हाडी जेवायला बसलो. भिंतीवर कालनिर्णय लटकत होते. मुंबईचे ते कॅलेंडर दिल्लीत पाहून बरे वाटले, म्हणून हात धुऊन आल्यावर उगाच पाने उलटू लागलो. मार्चच्या पानावर होळी पहिल्या तारखेला, धुळवड मंगळवारी, २ मार्चला. त्याच पानावर खाली, गुरुवारी १८ मार्चला, गुढीपाडवा. फाल्गुन शके १९२० तिथे संपत होता आणि चैत्र शके १९२१ सुरू होत होता.

ते पान हातात धरून आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. घरच्यांनी विचारले, काही हवे आहे का.

आमच्याकडचा शेतकरी औंदा म्हणतो तेव्हा तो पाडव्यापासूनचे वर्ष म्हणतो. सालगड्याचे साल पाडव्याला बदलते, बोली त्या दिवशी ठरते. गुदस्ता म्हणजे त्या पाडव्यापूर्वीचे साल. शिमगा फाल्गुनात, म्हणजे सालाच्या अगदी शेवटी, पाडव्याच्या आधी पंधरा दिवस. तेव्हा १९९९ च्या भाद्रपदात बसून कोणी गुदस्ताचा शिमगा म्हणाले, तर तो शिमगा सहा महिन्यांमागचा, चालू इंग्रजी वर्षाच्या मार्चातला. आमच्या आईनेही तो तसाच म्हटला असता आणि आम्हांला तो बरोबर कळला असता. पण इंग्रजीत लिहायला बसलो की आमच्या डोक्यातले वर्ष जानेवारीत सुरू होत होते. बाईंनी तारीख चोख सांगितली होती. आम्ही ती बारा महिने मागे ढकलली, आणि तेवढ्याने तक्रार मेली.

अर्थात हा तर्क झाला. तर्कावर तारीख बदलून शपथपत्र करणे हा दुसरा गुन्हा. सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. गावात दूरध्वनी एकच, किराणा दुकानात. दुकानदार म्हणाला, अर्ध्या तासाने लावा, बोलावून आणतो. अर्धा तास आम्ही बूथबाहेर छोले विकणाऱ्याची कढई पाहत काढला. पुन्हा लावला तेव्हा बाई धापा टाकत फोनवर आल्या. मुलाला नेले ते नेमके कधी, आम्ही विचारले.

"कवा म्हंजे? पाडव्याच्या आदी पंदरा दिस. गुदस्ता म्हणून सांगितलं न्हवं का तुला?"

आम्ही म्हटले, होय, पण इथे दिल्लीत तारीख लागते.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, "तू आमच्यातलाच की रे. तुला गुदस्ता कळंना?"

बूथवाल्याने किती पैसे घेतले ते आठवत नाही. हे वाक्य आठवते.

वकीलसाहेबांकडे गेलो आणि आपली चूक आधी सांगून टाकली. ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. मुदत टळल्यावर तारीख पुढे सरकवणारे तक्रारदार त्यांनी चाळीस वर्षे पाहिले होते. मग त्यांनी विचारले, मूळ शब्द काय? आम्ही मराठी कागद पुढे केला आणि वाचला: गुदस्ता. त्यांनी चष्मा काढला. "गुज़िश्ता?" म्हणाले. "ये तो हमारा लफ़्ज़ है."

खरोखरच तो त्यांचाही शब्द. फारसी गुज़श्ता, म्हणजे सरलेले. पेशवाईच्या मोडी कागदांत चालू वर्षाला साल मजकूर आणि मागल्या वर्षाला साल गुदस्त असा उल्लेख पदोपदी येतो. दप्तरातून तो शेतात उतरला आणि दप्तराची भाषा बदलल्यावरही शेतातच राहिला. शिकलेल्यांनी तो टाकला. शाळेत आमच्या निबंधातील गुदस्ता खोडून गुरुजींनी तांबड्या शाईने गतवर्षी लिहिले होते, हेही त्या क्षणी आठवले. दिल्लीच्या दरबारी भाषेतून दक्षिणेत गेलेला शब्द खानापूरच्या एका निरक्षर बाईंच्या तोंडून दिल्लीत परत आला होता. त्याचा अर्थ दिल्लीकराला लागला, आणि आम्हा पदवीधराला एक रात्र जावी लागली.

पुढचा अर्धा तास मात्र शुद्ध कायद्याचा झाला, आणि तो आमच्या आयुष्यातील सर्वांत चांगल्या शिकवणीच्या तासांपैकी एक. वकीलसाहेबांनी १८९७ चा सर्वसाधारण परिभाषा अधिनियम काढून कलम ३ मधील वर्षाची व्याख्या वाचायला लावली. केंद्रीय कायद्यात वर्ष म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेले वर्ष. म्हणजे मुदत मोजायची ती ब्रिटिश पद्धतीनेच, त्यात वाद नाही. पण मुदत सुरू कोठून करायची ती तारीख साक्षीदाराच्या तोंडून येते, आणि साक्षीदार कोणत्या कॅलेंडरात बोलतो हे ठरवायला कायदा येत नाही. ते जबाब घेणाऱ्याने विचारायचे असते. आम्ही भीत भीत म्हटले की १९५७ पासून भारत सरकारचेही स्वतःचे शक कॅलेंडर आहे, राजपत्रावर त्याची तारीख छापतात, आणि त्या सरकारी हिशेबानेही २ मार्च १९९९ हा ११ फाल्गुन १९२० होतो, म्हणजे गतवर्षच. ते हसले. म्हणाले, हा मुद्दा बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे; लिहून ठेव.

मग त्यांनी स्वतःच बाजूला काढलेले उरलेले तीन कागद उचलले. ते कानडी होते. आम्ही बंगळूरला फोन करून ते जबाब घेणाऱ्या कानडी सहकाऱ्याला मूळ कागद पुन्हा पाहायला सांगितले. संध्याकाळी त्याचा निरोप आला. तिघांपैकी एकाची अगदी हीच गत झाली होती: साक्षीदाराने युगादीच्या आधी म्हटले होते, भाषांतरात गेले वर्ष झाले होते. युगादी आणि पाडवा एकच दिवस. तेव्हा काही वाचकांना रुचणार नाही, पण लिहिले पाहिजे: त्या फाइलीत मराठी आणि कानडी समोरासमोर उभ्या नव्हत्या. दोघी खेड्यातल्या, आणि दोघींना एकाच रकान्याने सारखेच बुडवले होते. सीमाभागात लहानाचे मोठे झालेल्या आम्हांला हे दिल्लीत समजावे, हे थोडे लाजिरवाणेच.

सही घेतलेल्या कानडी कागदाचा मुद्दा आम्ही वेगळा मांडला, आणि तिथे भाषेचा प्रश्न खराखुरा होता. डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची अकरा पथ्ये घालून दिली. अटकेचा पंचनामेवजा मेमो करावा, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही घ्यावी, नातलगाला कळवावे. मेमो कोणत्या भाषेत असावा हे त्या पथ्यांत नाही. पण १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देऊन तोंडी समजावून सांगितली तर ते पुरेसे नाही, माणसाला समजणाऱ्या भाषेत ती दिली पाहिजेत, असे त्याच न्यायालयाने ठरवले होते. वकीलसाहेबांच्या मते स्थानबद्धतेला जे लागू ते साध्या अटकेला जसेच्या तसे लावता येणार नाही. तरी दोन ओळी घालू दिल्या.

आयोगाचे कार्यालय तेव्हा संसद मार्गावर सरदार पटेल भवनात होते. तक्रारीला शुल्क नाही, आणि आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेतली तक्रार स्वीकारता येते. इंग्रजी वा हिंदी असेल तर काम लवकर होते, एवढेच. म्हणून बाईंचा मूळ मराठी जबाब आम्ही वर लावला आणि दुरुस्त भाषांतर खाली. वर्षाच्या रकान्यात १९९९ लिहिले, शेजारी शके १९२०, फाल्गुन, आणि त्याखाली एक टीप: तक्रारदाराच्या बोलीत गुदस्ता या शब्दाचा अर्थ. खिडकीतल्या कारकुनाने ती टीप वाचली, आमच्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

तक्रार मुदतबाह्य ठरली नाही. पुढचा प्रवास लांबला. तो सांगण्याचा हा लेख नव्हे. मुलाचा कान काही बरा झाला नाही.

मात्र काही महिन्यांनी बाई आमच्या घरी एक लिफाफा घेऊन आल्या. संबंधितांकडून अहवाल मागवल्याचे ते पत्र इंग्रजीत होते. तीन आठवडे त्यांनी ते पेटीत, लुगड्यांखाली ठेवले होते, समन्स असेल या भीतीने. संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. उत्तर कोणत्या भाषेत यावे याविषयी तो अनुच्छेद गप्प आहे. आम्ही पत्र मराठीत वाचून दाखवले. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "ह्यात शिमग्याचं बरूबर लिवलंय न्हवं?" पत्रात घटनेची तारीख होती. आम्ही बोट ठेवून दाखवली. अंक इंग्रजी होते, त्यांना वाचता येत नव्हते, पण त्या बोटाखाली बराच वेळ पाहत राहिल्या.

तेव्हापासून आमच्या कार्यालयात जबाबाच्या कागदावर तारखेसाठी दोन रकाने असतात. पहिल्यात साक्षीदाराचे शब्द: आगोटीच्या तोंडाला, बेंदराच्या आदल्या दिवशी, सुगी उरकल्यावर. दुसऱ्यात तारीख, आणि ती त्या वर्षीचे कालनिर्णय समोर ठेवून, साक्षीदाराला विचारून, मगच लिहायची. उलटतपासणीत समोरचे वकील या दोन रकान्यांतील फटीत बोट घालतात, तेव्हा पहिला रकाना फार वेळा आमच्या कामी आला आहे.

शंका अजून संपलेल्या नाहीत, आणि येथे वाचकांची मदत हवी आहे. आमच्या पट्ट्यातही काही म्हातारे साल मृगापासून मोजतात. मराठेशाहीच्या शुहूर सनाचा आरंभही मृगावरच होई. शिमग्याला त्याने फरक पडत नाही, पण चैत्रातल्या किंवा वैशाखातल्या घटनेला पडतो. बडोद्याकडे वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात बदलते. तेथील मराठी घरांत गेले साल म्हणजे पाडव्यापूर्वीचे की दिवाळीपूर्वीचे? हैदराबादकडच्या जुन्या मराठी घरांत फसलीचा हिशेब कोणाच्या बोलण्यात उरला आहे का? इंदूर-ग्वाल्हेरकडे होळीच्या दुसऱ्याच दिवशी चैत्र लागतो, कारण तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो. तेथील मराठी माणूस धुळवड फाल्गुनात धरतो की चैत्रात? घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून, त्यांचे शब्द आहेत तसे, न सुधारता, कळवावेत. गाव आणि बोलणाऱ्याचे वय लिहावे. नाव नको.